उणे दोन वानरं

मेडिकलच्या दुकानात त्या संध्याकाळी गर्दी होती. बाहेर पाऊस, आत ओल्या छत्र्यांचा वास, आणि काउंटरवर एकटाच मुलगा, विशीतला. माझ्या आधी एक म्हातारे गृहस्थ उभे होते. त्यांच्या गोळ्यांच्या पट्ट्या हातात धरून तो त्यांना समजावत होता, "बाबा, ही उपाशीपोटी घ्यायची. ही जेवल्यावर. अन् ही झोपताना, पण पाणी भरपूर प्या." इतकं नेमकं आणि इतकं मायेनं. माझी पाळी आली तेव्हा त्याने बिलासाठी मोबाइल नंबर विचारला. आमच्या पिढीच्या सवयीप्रमाणे मी दोन-दोन आकड्यांच्या जोड्या करून सांगू लागले. मधेच एक सदुसष्ट आलं. त्याची बोटं थबकली, मग त्याने काहीतरी दाबलं आणि पडद्यावर भलत्याच कुणाचं नाव उमटलं. त्याने ७६ दाबले होते. "काकू, इंग्लिशमध्ये सांगा ना," तो अवघडून म्हणाला. मी "सिक्स सेव्हन" म्हटलं, बिल निघालं, पिशवी घेऊन मी बाहेर पडले.

एवढंच झालं. पण ते ७६ माझ्याबरोबर घरी आलं.

मराठी मुलांना मराठी आकडे येत नाहीत ही तक्रार मला करायची नाही. ती करून करून झिजली आहे. मला बोचत होतं ते वेगळंच. त्या मुलाची भाषा अस्सल होती, खानदेशी हेल असलेली, आजारी माणसाला धीर देणारी. तिच्यात कुठे खोट नव्हती, फक्त आकडे तेवढे दुसरीकडे राहायला गेले होते. आणि त्याने ७६ लिहिलं ते उगीच नाही. सदुसष्ट या शब्दात आधी सात येतात, मग साठ. कानावर जे ज्या क्रमाने पडलं ते त्याच क्रमाने बोटांनी उतरवलं. विचार करू लागले तसं मला नवल वाटू लागलं ते माझंच. मी एवढी वर्षं सात आधी ऐकते आणि सहा आधी लिहिते. तोंड एका दिशेने जातं, हात उलट दिशेने, आणि मधली ती गिरकी इतकी अंगवळणी पडली आहे की ती घेतल्याचं कळतही नाही. मग मी ज्याला सदुसष्ट म्हणते आणि तो ज्याला सिक्स्टी सेव्हन म्हणतो, ते आम्हा दोघांना सारख्याच रीतीने ठाऊक आहे का?

ही गिरकी फार जुनी आहे. संस्कृत गणितात तिला नियमाचा मान होता: अंकानां वामतो गतिः, अंकांची चाल डावीकडे. त्या काळी संख्या श्लोकात बसवायच्या म्हणून अंकांऐवजी शब्द वापरत. चंद्र म्हणजे एक, डोळे म्हणजे दोन, बाण म्हणजे पाच. 'लीलावती'त वर्तुळाचा परीघ काढायची रीत सांगताना भास्कराचार्य म्हणतात, व्यासाला भ-नंद-अग्नीने गुणा आणि ख-बाण-सूर्याने भागा. भ म्हणजे नक्षत्रं, सत्तावीस. नंद नऊ. अग्नी तीन. ऐकताना सत्तावीस, नऊ, तीन असं कानावर येतं, पण लिहायचं उजवीकडून डावीकडे, म्हणजे ३९२७. तसंच ख म्हणजे आकाश, शून्य, बाण पाच, सूर्य बारा, झाले १२५०. ३९२७ भागिले १२५० म्हणजे ३.१४१६. ताडपत्रावरचा एखादा अंक पुसट झाला, नकलाकाराने तिनाचा दोन केला, तर पुढच्या पिढ्या चुकीचं वर्तुळ काढत बसल्या असत्या. 'अग्नी'च्या जागी दुसरा शब्द घातला की मात्र बहुतेकदा वृत्त मोडतं आणि पाठ म्हणणाऱ्याला लगेच टोचतं. मला हे वाचून प्रथम कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता. गणिताची राखण छंद करत होता.

बावीस, सदुसष्ट, त्र्याऐंशी यांची चालही तीच, एकक आधी. आपणच असे आहोत असं नाही. जर्मन माणूसही दोन-आणि-वीस म्हणतो, अरबही. नॉर्वेतही तसंच होतं. तिथे १९५१ साली सरकारने ठरवलं की आता वीस-दोन म्हणायचं, आणि त्यामागे मोठा रेटा टेलिफोन खात्याचा होता, कारण नंबर तोंडी सांगताना आणि ऐकून जोडताना अंकांची उलटापालट होई. मेडिकलमधल्या त्या मुलाची अडचण एका अख्ख्या देशाची होती, आणि त्यांनी त्यासाठी बोलणं बदललं. नॉर्वेत जुन्या पद्धतीने आकडे म्हणणारी माणसं अजूनही आहेत.

आपल्याकडे हाच प्रश्न २०१९ च्या जूनमध्ये आला, दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातून. त्याचं आपण काय केलं ते सगळ्यांना आठवत असेल. 'वीस दोन' हे शब्द दिसले मात्र, आणि फोनवर विनोदांचा पूर आला. विधिमंडळातही त्यावर बोलून झालं. मराठीचा खून, मराठीचा बळी, असे शब्द मी त्या आठवड्यात ऐकले. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांचं म्हणणं काय होतं, ते मात्र थोड्यांनीच शांतपणे वाचलं. त्या म्हणत होत्या की सहा-सात वर्षांच्या मुलापुढे आपण एकदम दोन डोंगर ठेवतो: जोडाक्षरांनी भरलेली, जवळजवळ प्रत्येक वेगळी पाठ करावी लागणारी नावं, आणि वर लिहिण्याच्या उलट बोलणं. शेजारच्या कानडी, तेलुगू मुलांना वीस-दोन असाच शब्द मिळतो, तर आपल्या मुलांनाही ती वाट दाखवू. जुनी नावं पुस्तकातून घालवलेली नव्हती, दोन्ही रीती दिल्या होत्या. यावर विरोधी मत असू शकतं. मुलांना नंतर बाजारात बावीसच ऐकायचं आहे, मग दोन ओझी का, असं कुणी विचारलं तर तो खरा प्रश्न आहे. पण तो विचारणारे आवाज त्या कोलाहलात बुडाले.

न्यायसूत्रांनी, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथाने, चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. खरं काय ते कळावं म्हणून केलेला तो वाद. जिंकावं म्हणून केलेला तो जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं नुसतं पाडायचं, ती वितंडा. वादात समोरच्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं, त्याला पटेल इतकं नीट मांडायचं, मग उत्तर द्यायचं. पूर्वपक्ष मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला तोंड उघडायची सोय नाही. २०१९ च्या त्या दिवसांत मला एकही माणूस भेटला नाही, ज्याने 'वीस दोन'चा पूर्वपक्ष स्वतःच्या तोंडाने मांडला आणि मग विरोध केला. नारळीकरबाई २०२३ मध्ये गेल्या. त्यांना आपल्याकडून एक नीट वाद मिळायला हवा होता. तो आपण दिला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि तरीही 'एकोणपन्नास' या शब्दावर माझं प्रेम आहे. एकोणतीस म्हणणाऱ्या मुलाच्या तोंडात एक वजाबाकी तयार असते: तिसाला एक कमी. कुणी दाखवून दिलं तर. मला शाळेत कुणी दाखवलं नाही, मीही विचारलं नाही. एकोणवीसपासून एकोणनव्वदपर्यंत भाषा इमानाने 'एक उणा' म्हणत जाते आणि शंभराच्या उंबरठ्यावर एकदम 'नव्याण्णव' म्हणते. का? एवढा एक प्रश्न वर्गात आला असता तरी चाळीस मुलं दशमान पद्धतीच्या पोटात शिरली असती. आम्ही मात्र पाठ केलं, सुरात, पुढेमागे झुलत. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ. हे बे, त्रिक, चोक, सक आम्ही एरवी कुठेच बोलत नसू. पाढ्यांची ती वेगळी भाषाच होती, संध्याकाळच्या दिव्याबरोबर सुरू होणारी आणि ताटं मांडली की संपणारी.

त्या भाषेत घरात सगळ्यात मुरलेले होते नाना, माझे आजोबा. चाळीसगावला एका अडत्याच्या दुकानी ते दिवाणजी होते. पांढरी गादी, लाकडी पेटी, मोडीत लिहिलेली रोजकीर्द आणि खतावणी, आणि सगळीकडे सरकीचा तो तेलकट, उबदार वास. नानांना पूर्णांकांचे पाढे येत, त्यात विशेष काही नव्हतं. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी येई. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. साडेबारा मण मालाला सव्वासात रुपये भाव असला, तर समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते म्हणत, नव्वद रुपये दहा आणे. त्यांचं डोकं कसं चालायचं ते मी मोठेपणी कागदावर मांडून पाहिलं. साडेबारा साती सत्त्याऐंशी रुपये आठ आणे, त्यात साडेबाराचा पाव म्हणजे तीन रुपये दोन आणे मिळवायचे. रुपयाचे सोळा आणे असल्यामुळे अर्धा, पाव, अर्धपाव हे सगळे अपूर्णांक त्यात नेमके बसत, कुठे शिल्लक राहत नसे. नानांचा पाढा, बाजाराचं माप आणि सरकारचं नाणं ही तिन्ही एकाच दोरीत ओवलेली होती.

तसलीच चाल शब्दांतही आहे. अडीच हा शब्द 'अर्धतृतीय' वरून आला, म्हणजे तिसरा अर्धाच. औट 'अर्धचतुर्थ' वरून, म्हणजे चौथा अर्धाच. दोन पुरे झाले आणि तिसरा अर्ध्यावर आहे, असं त्या शब्दांचं मोजणं आहे. गंमत अशी की पार डेन्मार्कमध्ये पन्नासला जो शब्द आहे, त्याच्याही पोटात 'तिसरा अर्धा, विसाच्या पटीत' असा हिशोब दडला आहे. अडीच विसा पन्नास. आपल्यासारखंच मोजणारी माणसं इतक्या लांब निघावीत याचा मला फार आनंद झाला होता.

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि रुपयाचे शंभर भाग झाले. पाठोपाठ शेर जाऊन किलो आला. कुणी औटकीवर बंदी घातली नाही, तिचं कामच उरलं नाही. शंभर पैशांत अर्धपाव नीट बसत नाही. दीड, अडीच, पाऊण एवढे भाजीबाजारात टिकले, बाकीचे पाढे म्हाताऱ्यांबरोबर गेले. मला त्याचं दुःख आहे आणि नाहीही. दशमान पद्धतीने हिशोब सगळ्यांच्या हातात दिला, दिवाणजीच्या गादीवरून खाली आणला. माझ्या आजीला शाळा ठाऊक नव्हती. ती धान्य मापायला बसली की पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणे. लाभ, दोन, तीन, चार. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली, आणि शीग किती लावायची ते हाताला ठाऊक. तिची गणना तिच्या तळहातात होती, तिला कागदाशी देणंघेणं नव्हतं. पण सावकाराच्या वहीत काय लिहिलंय हे तिला कधी वाचता आलं नाही, आणि तिच्यासारख्या किती बायकांच्या किती पायल्या त्या वह्यांनी गिळल्या असतील, ते कुणी मोजलेलं नाही. जुन्या रीतीचं कौतुक करताना माझी जीभ इथे अडखळते.

आणखी एका जागी अडखळते. मी नानांना एकदा विचारलं होतं, साडेबारा साती साडेसत्त्याऐंशीच का होतात? ते रागावले नाहीत. खरंच गोंधळले. "पाठ आहे ना? मग झालं," म्हणाले. इतका हुशार माणूस, पण 'का' या प्रश्नासाठी त्यांच्या हातात काहीच दिलेलं नव्हतं.

चाळीसगावहून मुंबईकडे निघालं की त्याच रुळांवर देवळाली लागतं, आणि कल्याणच्या पुढे डोंबिवली. ही दोन्ही स्टेशनं माझ्या मनात एकाच माणसाची आहेत. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचा. देवळालीच्या शाळेत मास्तरकी केली, आणि हाती असेल त्या कागदावर आकडे मांडत राहिले. डोंबिवली स्टेशनचं तेव्हाचं नाव डेम्लो. तिथे ज्या संख्या सुचल्या त्यांना त्यांनी डेम्लो संख्याच म्हटलं. पण जगाला ते ठाऊक आहेत ६१७४ मुळे. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, ३५२४ घ्या. अंक उतरत्या क्रमाने लावा, ५४३२. चढत्या क्रमाने लावा, २३४५. वजा करा, ३०८७. पुन्हा तेच. ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा करा, परत ६१७४. कुठूनही निघा, सात पायऱ्यांच्या आत इथेच येऊन थांबायचं.

आता हे ज्ञान कुठे होतं? आजीच्या मापात नव्हतं. नानांच्या पाढ्यात नव्हतं. 'तीन हजार पाचशे चोवीस' या शब्दांत तर नाहीच, शब्दांचे तुकडे उतरत्या क्रमाने लावता येत नाहीत. रोमन आकड्यांतही नाही. दहा चिन्हं, एक शून्य आणि जागेनुसार किंमत, एवढं कागदावर आल्यानंतरच ६१७४ ला जन्म घेता येतो. पुष्कळ मोठे गणिती म्हणत की हा अंकांचा खेळ आहे, संख्यांचं गणित नव्हे; लिहिण्याची पद्धत बदला, ६१७४ ची जादू जाईल. म्हणणं बरोबर आहे. पण मला त्यातच त्याचं मोल दिसतं. चिन्हं आपण ठरवली, सोयीसाठी. आणि एकदा ती मांडल्यावर त्यांच्यात असं काही निघालं, जे मांडणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात नव्हतं. देवळालीच्या एका मास्तरने ते पाहिलं, कारण तो अंकांकडे नुसता बघत बसू शकत होता.

चाळीसगावपासून जवळच पाटणे आहे. गौताळ्याच्या जंगलात शिरलं की पाटणादेवीचं देऊळ, मागे डोंगराची काळी भिंत, पावसाळ्यात धवलतीर्थाचा आवाज आणि ओल्या पानांचा, वानरांच्या मुताचा मिसळलेला वास. आम्ही लहानपणी नवस फेडायला जायचो, मोठ्यांच्या मागे. तिथे एक शिलालेख होता, हे मला चाळीसगावात कुणी सांगितलं नाही, फार उशिरा वाचलं. भाऊ दाजी लाडांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिलं, साल १२०७. लेख संस्कृत आहे, पण शेवटी मठाला बाजारातून कसकसलं उत्पन्न मिळायचं ते चक्क मराठीत आहे. गणिताच्या मठाचा खर्च बाजारपेठ देत होती, आणि तो करार बाजाराच्या भाषेत कोरला होता. आजोबांसाठी काढलेली ती शाळा मला देवळापेक्षा जास्त ओढते.

त्या आजोबांच्या 'बीजगणिता'त एक उदाहरण आहे. वानरांचा एक कळप. त्याच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा केले, उरले त्यांचा वर्ग केला, तेवढी वानरं गुहेत गेली. एक फांदीवर दिसतंय. एकूण किती? अव्यक्त संख्येला त्या काळी यावत्तावत् म्हणत आणि नुसतं 'या' लिहीत. दुसरी अव्यक्त आली तर काळा रंग, मग निळा, मग पिवळा, का, नी, पी. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. या चिन्हांनी गणित मांडलं की दोन उत्तरं येतात, पन्नास आणि पाच. पन्नासाचा पाचवा हिस्सा दहा, वजा तीन सात, त्याचा वर्ग एकोणपन्नास, आणि फांदीवरचं एक. जमलं. आता पाच घ्या. पाचवा हिस्सा एक, वजा तीन, म्हणजे उणे दोन. वर्ग चार, आणि एक, पाच. हेही जमलं! रीतीत कुठेच चूक नाही. पण भास्कराचार्य म्हणतात, दुसरं उत्तर घेऊ नये, ते जुळत नाही. प्रत्यक्षातली संख्या ऋण असते याची लोकांना प्रतीती नाही.

पाटणादेवीच्या झाडांवरची वानरं आठवली की मला हे वाक्य आठवतं. त्यांनी ते उत्तर लपवलं नाही. चुकलं असंही म्हटलं नाही. चिन्हं मला इथवर घेऊन आली, लोकांची समज अजून तिथवर आलेली नाही, असं त्या थोर माणसाने स्वच्छ लिहून ठेवलं. ऋण संख्या त्यांना नवी नव्हती. ब्रह्मगुप्ताने ६२८ सालीच धन आणि ऋणाचे नियम सांगितले होते, ऋणाला ऋणाने गुणलं की धन. नियम होता, खूण होती, शब्द होता. उणे दोन वानरं म्हणजे काय, ते सांगणारा युक्तिवाद तेवढा नव्हता. तो पुढच्यांनी एकेक पाऊल टाकत रचला. मुरुडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५४५ मध्ये 'लीलावती'वर टीका लिहिताना रीतींच्या उपपत्ती दिल्या, हे असं का होतं ते सांगितलं. मग १६०० च्या सुमारास कृष्ण दैवज्ञ, मूळचे विदर्भातल्या घराण्यातले, काशीला राहिलेले. ते 'बीजगणिता'वरच्या टीकेत म्हणतात की ऋणपणा तीन तऱ्हांचा: देशाचा, काळाचा, वस्तूचा. पूर्वेला धन म्हटलं तर पश्चिम ऋण. पुढचा काळ धन तर मागचा ऋण. येणं धन तर देणं ऋण. उणे दोनला जागा मिळाली. वानरांच्या कळपात नाही, रस्त्यावर मिळाली.

माझी भाची सातवीत आहे, सेमीला. तिच्याबरोबर मी एका मोठ्या दुकानात गेले होते, तेव्हा लिफ्टमध्ये तिने सहज −२ चं बटण दाबलं, गाडी तिथे लावली होती. भास्कराचार्यांच्या लोकांना ज्याची प्रतीती नव्हती, तिथे आम्ही पिशव्या घेऊन उतरलो. त्याच आठवड्यात तिने मला विचारलं, "मावशी, मायनस इन्टू मायनस प्लस का होतं? टीचर म्हणाल्या, रूल आहे." मला नाना आठवले. पाठ आहे ना, मग झालं.

मी आधी ऋण या शब्दाचा आधार घेतला. तुझ्या डोक्यावर तीन जणांचं दोन-दोन रुपये कर्ज आहे. तिघांनीही सोडून दिलं. कर्ज काढून घेतलं म्हणजे तू सहा रुपयांनी वर आलीस. तिला हे आवडलं, पण लगेच म्हणाली, "हे कर्ज माफ करणं झालं. कर्ज गुणिले कर्ज कुठे झालं?" खरंच होतं तिचं. शब्द दारापर्यंत आणून सोडतो. मग आम्ही कागद घेतला. तीन गुणिले उणे दोन, उणे सहा. दोन गुणिले, उणे चार. एक गुणिले, उणे दोन. शून्य गुणिले, शून्य. दर पायरीला दोन वाढतात. मग पुढची पायरी, उणे एक गुणिले उणे दोन, अधिक दोनच हवी. ती बराच वेळ त्या रकान्याकडे बघत राहिली. "पण शून्याच्या खालीही दोन-दोननंच वाढतं हे कशावरून? तिकडे वेगळं असलं तर?"

मला इतका आनंद झाला की तिला जवळ घ्यावंसं वाटलं. मग आम्ही कंस मांडला. उणे दोन गुणिले, कंसात तीन अधिक उणे तीन. कंस शून्य, म्हणून सगळं शून्य. कंस सोडवला तर एक भाग उणे सहा. मग दुसरा भाग किती असायला हवा? "अधिक सहा," ती म्हणाली, आणि लगेच, "पण कंस असाच सोडवायचा हेही कुणीतरी ठरवलेलंच ना? तो रूल मोडला तर?"

म्हटलं, चल, आधी आपण दुसरा मोडून बघू. मायनस इन्टू मायनस मायनस असं धरू. तिने पेन घेतलं. उणे सहा अधिक उणे सहा, म्हणजे उणे बारा. आणि तिकडे कंस शून्य, म्हणून उत्तर शून्य. तिने लिहिलं, शून्य बरोबर उणे बारा. "म्हणजे कुणाचेतरी बारा रुपये गेले," ती गंभीरपणे म्हणाली. मग तिने कंसाचा नियम मोडून पाहायला घेतला, आणि तो मोडल्यावर साडेबारा साती सत्त्याऐंशी रुपये आठ आणे हेही धरून ठेवता येईना, कारण बाराचे वेगळे आणि अर्ध्याचे वेगळे करून मिळवायचे कसे, तेच मोडलं होतं. नानांच्या पाढ्याखाली काय होतं, ते त्या रात्री मला तिच्या अक्षरात दिसलं.

"हे परीक्षेत लिहिलं तर मार्क मिळतील?" तिने विचारलं.

"लिही," मी म्हटलं. "आणि बाईंनी विचारलं, तर त्यांनाही नियम मोडून दाखव."